मूषकाला आसरा देण्यापूर्वी

भाद्रपद शुद्ध चतुर्थीला घरोघरी पार्थिव गणेशमूर्तीची प्राणप्रतिष्ठा होते. दूर्वा, शमी आणि तांबडी फुले वाहिली जातात, आणि देवाच्या पायाशी बसलेल्या अंगठ्याएवढ्या मातीच्या मूषकालाही गंधाक्षता लाभतात. मोठ्यांची दृष्टी चौरंगावरील मंगलमूर्तीवर असते; घरातील मुलांची मात्र त्या इवल्याशा वाहनावर खिळून राहते. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात तर गजानन या नावाला दुहेरी मान आहे. चतुर्थीला श्रीगणेश येतात आणि दुसऱ्याच दिवशी, ऋषिपंचमीला, शेगावनिवासी श्री गजानन महाराजांची पुण्यतिथी असते. १९१० साली याच तिथीस महाराज समाधिस्थ झाले. लोणार तालुक्यातील आमच्या बीबी गावीही हे दोन दिवस घरे भक्तिभावाने भरून जातात.

अशा मंगल वातावरणात एखादे बालक विचारते, ‘‘बाप्पाचा उंदीर आपण घरी पाळू या का?’’ शहरांतील दुकानांतून पिंजऱ्यात ठेवलेले पांढरेशुभ्र उंदीर हल्ली विकत मिळतात, तेव्हा हा हट्ट अशक्य कोटीतला राहिलेला नाही. आई-वडिलांना मात्र काय उत्तर द्यावे ते सुचत नाही. ज्या हाताने देव्हाऱ्यातील मूषकाला अक्षता वाहायच्या, त्याच हाताने शेताच्या बांधावर विषारी आमिष ठेवावे लागते, हे प्रत्येक शेतकरी कुटुंब जाणते. पूजनीय कोण आणि उपद्रवी कोण? आणि असा जीव घरात आणलाच, तर त्याला सुखाने कसे ठेवावे? सणाच्या निमित्ताने या प्रश्नाचा विचार करावा, असे आम्हांस वाटते.

क्रौंच गंधर्वाची कथा

गणेशपुराणात मूषकाची जी कथा आहे, तिच्यात या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे. क्रौंच नावाचा गंधर्व इंद्रसभेत घाईने जात असता त्याचा पाय वामदेव ऋषींना लागला. ऋषींनी क्रोधाने शाप दिला आणि तो गंधर्व मूषक होऊन पराशर मुनींच्या आश्रमात पडला. तेथे त्याने धान्याची नासाडी केली, वस्त्रे कुरतडली, आश्रमवासीयांना जेरीस आणले. तेव्हा पराशरांच्या आश्रमात वाढत असलेल्या गजाननाने आपला पाश टाकून त्याला धरले. मूषक शरण आला. गजाननाने त्याचा वध केला नाही; त्याला आपले वाहन केले. पण देव पाठीवर बसताच तो मूषक भाराने दबून गेला आणि काकुळतीने म्हणाला, की देवा, हलका हो. भक्तवत्सल गजाननाने आपला भार त्याला पेलेल एवढा हलका केला.

या कथेत दोन गोष्टी आहेत. पहिली ही, की उपद्रवी जीवाला आधी पाशात धरले, म्हणजे मर्यादा घातली. दुसरी ही, की मर्यादा घातल्यावर त्याला आपल्या पायाशी हक्काची जागा दिली आणि त्याच्या शक्तीप्रमाणे स्वतःचा भार कमी केला. आश्रयाला आणलेल्या जीवाच्या स्वभावाप्रमाणे यजमानाने स्वतःला मुरड घालायची असते, हा या कथेचा बोध आम्ही मानतो. शिवशंकरांच्या संसाराकडे पाहिले तरी हेच दिसते. गळ्यातील नाग, कुमाराचा मोर, गणेशाचा मूषक, देवीचा सिंह आणि दारातील नंदी हे सारे जन्माचे वैरी असूनही एका कैलासावर नांदतात. कारण तेथे प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. नागपंचमीला नांगर न धरणाऱ्या आणि पोळ्याला बैलाच्या खांद्याला लोणी चोळणाऱ्या आमच्या कृषिसंस्कृतीला हा धडा नवा नाही.

शेतातील उंदीर आणि पिंजऱ्यातील उंदीर

सर्वप्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. गोठ्यात, कणगीमागे किंवा बांधावरच्या बिळात राहणारा उंदीर पकडून पाळू नये. तो रानटी जीव आहे, कैदेत तो भीतीनेच झुरतो, आणि त्याच्यापासून मनुष्याला रोगांचे भय असते. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली आणि तिने पुढे महाराष्ट्रात केवढा हाहाकार माजविला, हे आपल्या आजी-पणजींच्या आठवणींतून घराघरांत उतरले आहे. १८९७ च्या जानेवारीत डॉक्टर हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार करून प्रथम स्वतःलाच टोचून घेतली, आणि १८९८ साली पॉल-लुई सिमोंड या फ्रेंच वैद्यकाने उंदराच्या अंगावरील पिसवांमधून हा रोग पसरतो असे दाखवून दिले. फार जुनी गोष्ट म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करण्याचे कारण नाही. १९९४ साली बीड जिल्ह्यातील मामला गावी प्लेगचे रुग्ण आढळले होते, आणि २००५ च्या जुलैतील महापुरानंतर मुंबईत उंदरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसने कित्येकांना गाठले होते.

म्हणून घरातील धान्य झाकून ठेवावे, भिंतींची बिळे बुजवावीत, दाराखालच्या फटी बंद कराव्यात. शेतातही सर्प, घुबड आणि मुंगूस यांना राहू द्यावे. तेच उंदरांना आवर घालतात. आपले अन्न राखणे हा शेतकऱ्याचा धर्मच आहे. गजाननाने टाकलेला पाश तो हाच, असे आम्ही समजतो.

पाळण्याजोगा उंदीर निराळा. तपकिरी उंदराच्या जातीपासून युरोपात एकोणिसाव्या शतकात माणसाळविलेले पांढरे आणि रंगीत उंदीर निपजले. पुढे अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराच्या विस्टार संस्थेने १९०६ पासून पांढऱ्या उंदरांची एकसारखी पैदास केली, आणि औषधांच्या शोधांसाठी त्या वंशातील असंख्य उंदीर जगभर कामी आले. आपण घेतो त्या कित्येक गोळ्या प्रथम त्यांनी सोसलेल्या आहेत. पिढ्यानपिढ्या माणसाच्या हातावर वाढलेला हा प्राणी माणसाला भीत नाही, नावाने हाक मारली की जाळीशी येतो, आणि खांद्यावर बसून घरभर हिंडतो. पण याच कारणाने तो आपला पोटापाण्याचा आणि संरक्षणाचा गुण हरवून बसला आहे. त्याचा सारा भार आता माणसावर आहे.

देशनोकचा आदर्श

उंदरांना घर देण्याचा आपल्या देशातील सर्वांत प्रसिद्ध प्रकार पाहायचा तर राजस्थानात जावे लागते. बिकानेरपासून सुमारे तीस किलोमीटरवर देशनोक येथे करणीमातेचे मंदिर आहे. तेथे हजारो उंदीर मोकळे वावरतात; त्यांना ‘काबा’ म्हणतात. चारण समाजातील मृत व्यक्ती काबा होऊन देवीच्या छायेत येतात, अशी तेथील श्रद्धा आहे. पांढरा काबा दिसणे शुभ मानतात. मंदिराच्या अंगणावर जाळी घातलेली आहे, ती घारी-ससाण्यांपासून काबांच्या रक्षणासाठी. भाविक पाय उचलून टाकीत नाहीत, फरशीवरून घासत चालतात. कारण पायाखाली येऊन एखादा काबा मेला, तर त्याच्या बदली चांदीची वा सोन्याची प्रतिमा अर्पण करावी लागते.

त्या मंदिराची बरोबरी आपल्या घराने करावी असे आम्ही सुचवीत नाही. ती एका देवस्थानाची परंपरा आहे. परंतु तेथील जाळी आणि तेथील जपून चालणे या दोन गोष्टी घरी उंदीर ठेवणाऱ्या प्रत्येकाने मनात ठेवाव्यात. एक त्याच्या शत्रूंपासून रक्षण करते आणि दुसरे आपल्यापासून.

निवारा कसा असावा

उंदीर एकटा कधी ठेवू नये. तो समूहात राहणारा प्राणी आहे, एकटेपणाने खंगतो. शिकागो विद्यापीठात २०११ साली झालेल्या प्रयोगात असे दिसले, की नळीत कोंडलेल्या सोबत्याला सोडविण्यासाठी दुसरा उंदीर दार उघडायला शिकतो, आणि जवळ चॉकलेटचा मोह असतानाही कित्येकदा सोबत्यासाठी वाटा राखतो. तेव्हा दोन आणावेत, पण दोन्ही नर किंवा दोन्ही माद्याच. उंदरीण अवघ्या तीन आठवड्यांत विते आणि एका वेळी आठ-दहा पिल्ले देते. पिल्लेही पाच-सहा आठवड्यांत वयात येतात. चतुर्थीला आणलेली जोडी दसऱ्याला दहा-बाराचे कुटुंब होते आणि दिवाळीच्या आत पाळणा पुन्हा हलतो. मग त्या साऱ्यांना ठेवायचे कोठे?

दोन उंदरांसाठी पिंजरा किमान दोन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन ते अडीच फूट उंच असावा. उंदराला चढण्याची हौस असते, म्हणून उंची महत्त्वाची. जाळीच्या तारांमधील अंतर अर्ध्या इंचाहून अधिक नको. नाहीतर पिल्लू निसटते, किंवा डोके अडकून प्राणास मुकते. तळ जाळीचा नसावा, अखंड असावा, कारण तारांवर सतत उभे राहून तळव्यांना जखमा होतात. आत एक-दोन फळ्या, चढायला जाड दोर, आणि लपायला एक लहानसे अंधारे खोके हवे. सत्यनारायणाच्या किंवा कलशाच्या नारळाची करवंटी धुऊन ठेवली तर तिच्यात बसणेही होते आणि ती कुरतडणेही होते. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. ते झिजविण्यासाठी कठीण वस्तू त्याला लागतेच. जुन्या मऊ लुगड्याची छोटी झोळी बांधून दिली, तर दोघे तीत बिलगून निजतात. पाळण्यात बाळ घालणाऱ्या आपल्या घरांना ही कला शिकवावी लागत नाही.

आमच्या पऱ्हाटीच्या मुलखात अंथरूण म्हणून पिंजलेला कापूस घालावा असे कोणालाही वाटेल. ते टाळावे. कापसाचे तंतू पायाच्या बोटांभोवती आवळतात आणि पोटात गेले तर आतडी बंद होतात. सुताराकडील बारीक भुसाही नको. विशेषतः चीड आणि देवदार यांचा उग्र वासाचा भुसा फुप्फुसांना बाधतो. छपाई नसलेल्या कागदाच्या पट्ट्या आणि धागे न निघणारे सुती कापड हे सर्वांत चांगले. ओले झालेले रोज काढावे, आठवड्यातून एकदा सारा पिंजरा धुवावा. मूत्राचा वास साचू दिला, तर उंदरांच्या नाजूक श्वासनलिकेला तो विषासारखा होतो. मात्र थोडे जुने कोरडे अंथरूण परत आत ठेवावे, कारण आपले घर तो वासानेच ओळखतो.

जागा, ऊन आणि उत्सव

पिंजरा कोठे ठेवावा, हा प्रश्न भाविक घरात विशेष विचार करण्यासारखा आहे. मूषक म्हणून त्याला देव्हाऱ्याजवळ जागा द्यावी, असे मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु धूप, उदबत्ती आणि कापूर यांचा धूर त्याला सोसत नाही. तेव्हा देवघरापासून दूर, स्वयंपाकघराच्या बाहेर, पण माणसांचा वावर असलेली खोली निवडावी. लाल डोळ्यांच्या पांढऱ्या उंदराची दृष्टी अधू असते आणि प्रखर प्रकाशाने ती आणखी बिघडते. म्हणून आराशीच्या विजेच्या माळा त्याच्यावर येऊ देऊ नयेत.

त्याचे कान तर आपल्याहून कितीतरी तीक्ष्ण. आपल्याला ऐकू न येणारे सूक्ष्म स्वर तो ऐकतो आणि काढतोही. आनंदात असला की जणू हसतो, असे शास्त्रज्ञांना आढळले आहे. त्या कानांवर ध्वनिक्षेपक, ढोल आणि फटाके यांचा मारा झाला तर त्याची काय अवस्था होत असेल? मुंबईच्या सिद्धिविनायकासारख्या देवळांत भाविक मूषकाच्या कानात हळूच आपली इच्छा सांगतात. त्या कानांशी हळू बोलायचे असते, एवढे तरी त्या रिवाजातून शिकता येते. मिरवणुकीच्या दिवशी पिंजरा आतल्या खोलीत न्यावा, दारे-खिडक्या लावाव्यात आणि एखादे जाड कापड तीन बाजूंनी टाकून हवेला एक बाजू मोकळी ठेवावी.

उन्हाळा ही आपल्याकडील मोठी परीक्षा. उंदराला घाम येत नाही. तो शेपटीवाटे अंगातील उष्णता बाहेर टाकतो. तीस अंशांच्या पुढे पारा गेला की तो कासावीस होतो, आणि वैशाखात आमच्याकडे पारा चाळिशी सहज ओलांडतो. टिनाच्या छपराखाली पिंजरा ठेवणे म्हणजे त्याला भट्टीत ठेवणे होय. मातीच्या भिंतींच्या धाब्याच्या घरात त्याला सुख असते. ज्यांचे घर टिनाचे आहे, त्यांनी पिंजऱ्याच्या एका बाजूला ओले पोते टांगावे, गार पाण्याने भिजविलेले खापर आत ठेवावे, पाण्याची बाटली दिवसातून दोनदा बदलावी. कूलरचा थेट झोत मात्र अंगावर नको. एवढे करणे शक्य नसेल, तर हा जीव आणूच नये, असे आम्ही स्पष्ट सांगतो.

नैवेद्य आणि आहार

मोदक हे गणपतीचे आवडते, म्हणून उंदरालाही मोदक, असा समज असतो. तळणीचा मोदक, खिरापत, पेढा यांचा बोटाच्या पेराएवढा तुकडा सणाला द्यायला हरकत नाही. रोज दिला तर उंदीर लठ्ठ होऊन आजारी पडतो. त्याचे खरे अन्न साधे आहे: ज्वारी, बाजरी, गहू, शिजविलेली डाळ, काकडी, गाजर, भोपळा आणि मिळत असल्यास उंदरांसाठी तयार केलेले कोरडे खाद्य. बुरशी लागलेला शेंगदाणा किंवा दाणा चुकूनही नको. उंदराला ओकारी होत नाही; पोटात गेलेले वाईट अन्न बाहेर टाकण्याची सोय देवाने त्याला दिलेली नाही. शेतात ठेवलेले विष त्याच्यावर प्रभावी ठरते, त्याचे एक कारण हेच. म्हणून जस्त-फॉस्फाइडचे आमिष ज्या घरात आणले जाते, तेथे ते पिंजऱ्याच्या खोलीत तर नकोच, पण ते हाताळलेल्या हाताने उंदराला खाऊही घालू नये.

उंदराला खेळविल्यावर मुलांनी साबणाने हात धुवावेत, आणि त्याला तोंडाशी नेऊ नये. चावला तर जखम धुऊन वैद्याला दाखवावे. घरातील मांजर आणि बाहेरचा रानउंदीर या दोघांपासून पिंजरा सुरक्षित हवा. रानउंदराच्या मूत्राने रोग आत शिरतो. उंदराच्या डोळ्यांभोवती किंवा नाकाशी लालसर ओल दिसली तर ते रक्त नसते, डोळ्यांतील एक स्राव असतो. परंतु तो वाढला तर त्रासाची खूण समजावी. आपल्या गावचा पशुवैद्यकीय दवाखाना मुख्यत्वे गाई-बैलांसाठी असतो. एवढ्या लहान जीवावर उपचार करणारा वैद्य जवळपास कोण आहे, हे आणण्यापूर्वीच विचारून ठेवावे.

विसर्जन आणि विश्वास

आता सर्वांत महत्त्वाचे. मातीची मूर्ती दहा दिवसांनी पाण्यात विसर्जित होते; पुढच्या वर्षी लवकर या, म्हणून आपण तिला निरोप देतो आणि ती येतेही. काही घरांत सणाच्या हौसेने आणलेले पांढरे उंदीरही, हौस फिटल्यावर, ‘बाप्पाबरोबर मोकळे केले’ म्हणून नदीकाठी किंवा शेतात सोडून देण्याचा विचार होतो. हा मोकळेपणा नव्हे. पांढरा रंग घारीला दुरूनच दिसतो; त्याला बीळ ठाऊक नाही, अन्न शोधणे ठाऊक नाही, आणि माणसाला तो भीत नाही. एका रात्रीत त्याचा अंत होण्याचाच संभव अधिक. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने नीट हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात प्राणी ठेवणे हा गुन्हा ठरविला आहे, आणि पाळलेला प्राणी उपासमारीची वेळ येईल अशा स्थितीत टाकून देणे हाही. कायदा नसता तरी शरणागताला टाकणे आपल्या धर्मात कोठे बसते?

हा जीव दोन ते तीन वर्षे जगतो. म्हणजे घरात आणलेला उंदीर दोन, फार तर तीन चतुर्थ्या पाहतो. म्हातारपणी त्याचे मागचे पाय अधू होतात, अंगावर गाठी येतात, श्वास लागतो. तेव्हा वरच्या फळ्या काढून सारे खाली मांडावे लागते, अन्न मऊ करून द्यावे लागते. ज्या बालकाने हट्ट धरला, त्याला हे आधी सांगितले पाहिजे. मृत्यू समोर आला की मूल रडेल. त्या रडण्याला हसू नये. अंगणातील झाडाखाली खोल खड्डा करून मूठभर मातीने त्याला निरोप द्यावा. देवाच्या वाहनाविषयी आदर मुलाला त्या दिवशी खऱ्या अर्थाने कळेल.

हे सारे वाचून कोणी म्हणेल, की उंदरासाठी एवढा व्याप कशाला? आफ्रिकेतील टांझानियात एका मोठ्या जातीच्या उंदरांना जमिनीत पुरलेले सुरुंग वासाने ओळखायला शिकवितात. त्यांपैकी मगावा नावाच्या उंदराने कंबोडियात अनेक सुरुंग व स्फोटके शोधून काढली, म्हणून २०२० साली त्याला ब्रिटनमधील एका प्राणिसेवी संस्थेचे सुवर्णपदक मिळाले. वजनाने हलका असल्यामुळे सुरुंगावरून गेला तरी तो उडत नसे. इतक्या लहान देहात एवढे सामर्थ्य ठेवणाऱ्या जगन्नियंत्याने त्यालाच विघ्नहर्त्याचे वाहन का केले असावे, याचे मग आश्चर्य वाटत नाही.

आमचे सांगणे एवढेच, की या चतुर्थीला मुलाने हट्ट धरला तर त्याला लगेच हो म्हणू नये आणि झिडकारूही नये. त्याला देवापुढे बसवावे, क्रौंच गंधर्वाची कथा सांगावी आणि विचारावे: रोज पिंजरा साफ करशील ना? वैशाखात ओले पोते टांगशील ना? मिरवणूक निघेल तेव्हा आधी त्याची खोली बंद करशील ना? आणि तो म्हातारा झाला तरी त्याला टाकणार नाहीस ना? चारही प्रश्नांना घरातील सर्वांनी मिळून होकार दिला, तरच सणानंतर सवडीने पिंजरा करवून घ्यावा, आणि पिंजरा तयार झाल्यावर मग मूषक आणावेत. नाही तर देवाच्या पायाशी बसलेल्या मातीच्या मूषकाला भक्तिभावाने अक्षता वाहाव्यात. तीही सेवाच आहे. मंगलमूर्ती सर्व लहानथोर जीवांचे मंगल करो.